आधी झाकण, मग बटण

जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या दुरुस्तीबद्दल वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं आहे : "सुरू होतो का बघावं म्हणून बटण दाबलं, आणि…" पुढे कधी धूर, कधी 'फट्' असा आवाज, कधी नुसती शांतता. वीस-तीस वर्षं पडून असलेल्या कॉम्प्युटरमध्ये आधी कुठला भाग जाणार हे बऱ्याच अंशी ठरलेलं असतं. तो भाग बघायला वीज लागत नाही. स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च पुरते. म्हणून उत्तरांकडे वळण्याआधी सगळ्यांनाच एक विनंती : प्लग सॉकेटमध्ये घालण्याआधी झाकण काढा.

प्रश्न : शाळेच्या अडगळीत 'क्लास' प्रकल्पाच्या काळातले दोन बीबीसी मायक्रो सापडले. एक लावला. पडद्यावर अक्षरं आली आणि दहाएक मिनिटांनी डाव्या बाजूने दाट पांढरा धूर निघाला. आश्चर्य म्हणजे कॉम्प्युटर चालूच होता. दुसरा लावून बघावा का? (संगणक शिक्षक, कराड)

उत्तर : दुसरा अजिबात लावू नका. धूर आला तो पॉवर सप्लायमधल्या (सॉकेटमधल्या विजेपासून कॉम्प्युटरला लागणारे कमी व्होल्ट तयार करणाऱ्या डब्यातल्या) कागदी कपॅसिटरचा. कपॅसिटर म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारा छोटा भाग. दुसऱ्या यंत्रातही तोच कपॅसिटर आहे आणि त्याचंही वय तेवढंच आहे.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचं हे यंत्र निवडलं गेलं. त्याच्या सप्लायमध्ये मेन्सच्या, म्हणजे सॉकेटमधून येणाऱ्या विजेच्या, दोन तारांच्या मध्ये 'रिफा' जातीचे पिवळसर पारदर्शक कपॅसिटर बसवलेले असतात. आत धातूचा मुलामा दिलेला कागद, वरून इपॉक्सी. काळाबरोबर इपॉक्सीला बारीक चिरा पडतात. टॉर्च तिरका धरलात तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या त्या स्पष्ट दिसतात. चिरांतून दमट हवा शिरते, कागद ओल धरतो. मग वीज मिळाली की आतल्या आत गळती होते, कपॅसिटर तापतो आणि फुटतो. त्याचं काम फक्त मेन्सवरचा खरखराट गाळण्याचं असल्यामुळे तो जळाला तरी कॉम्प्युटर चालत राहतो, फ्यूजही बहुधा उडत नाही.

आता काम. प्लग काढा आणि किमान दहा मिनिटं थांबा. कवचाचे चार मोठे स्क्रू काढा. त्यांच्याजवळ इंग्रजीत 'फिक्स' असं छापलेलं असतं. सप्लायचा डबा डावीकडे असतो आणि तळातून तीन स्क्रूंनी धरलेला असतो. त्यातून मदरबोर्डवर जाणाऱ्या लाल, काळ्या आणि जांभळ्या तारांचा फोटो काढल्याशिवाय एकही तार उपसू नका. लाल म्हणजे अधिक ५ व्होल्ट, काळी शून्य, जांभळी उणे ५. लाल-काळीची अदलाबदल झाली तर बोर्डावरच्या चिपा जातात.

डबा उघडल्यावर मोठ्या गोल कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत दाब शिल्लक असू शकतो. ४.७ किलोओहम, १० वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी त्याच्या दोन पायांना पंधरा सेकंद लावून धरा, मग मल्टिमीटरने मोजा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय असेल तर ती सोडा. त्या ठिणगीने पाय वितळतो आणि कपॅसिटरच्या आतलं जोडकामही दुखावतं.

पिवळे कपॅसिटर दोन आहेत : एक ०.१ मायक्रोफॅरड, एक ०.०१. दुकानात पहिल्याला 'पॉइंट वन' किंवा '१०४' म्हणतात, दुसऱ्याला '१०३'. पण दुकानदाराला एवढंच सांगितलंत तर तो साधा पॉलिस्टर, ४०० व्होल्ट डीसीचा देईल. तो इथे चालत नाही. मेन्सवर २३० व्होल्ट म्हणजे शिखराला ३२५, आणि वर शेजारच्या पंपाचे नि मिक्सरचे झटके. इथे 'एक्स२' वर्गाचाच, २७५ व्होल्ट एसी किंवा त्याहून जास्तीचा कपॅसिटर हवा. अंगावर 'एक्स२' छापलेलं असतं. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो, कागदासारखी ओल धरत नाही आणि बिघडला तरी पेट घेणार नाही अशा कसोटीवर उतरलेला असतो. दोन भोकांमधलं अंतर पट्टीने मोजून न्या. नव्या 'पॉइंट वन'चे पाय बहुतेक १५ मिलिमीटरवर असतात, जुनी भोकं त्याहून लांब असू शकतात. पाय ओढून-ताणून बसवले की तेच पुढे मुळाशी तुटतात.

त्याच सप्लायमध्ये २२० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा एक छोटा इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रव असलेला कपॅसिटर, आहे. तो सुकला की सप्लाय सुरूच होत नाही किंवा अडखळत होतो. डबा उघडलाच आहे तर १०५ अंशांचा, लो-ईएसआर (आतला विरोध कमी असलेला) घेऊन तोही बदला. फुटलेल्या कपॅसिटरचा तपकिरी चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पुसून काढा.

पहिल्यांदा वीज देताना ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे विजेच्या वाटेतच मध्ये, घ्या. कुठल्याही वायरमनकडे असा बोर्ड असतो. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. ढणढणीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्ब काढून थेट वीज दिल्यावर बोर्डावर लाल आणि काळीच्या मध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत.

प्रश्न : माझ्या ३८६ मध्ये (प्रोसेसरच्या नंबरावरून ओळखला जाणारा जुना पीसी) बोर्डावर निळी नळकांड्यासारखी बॅटरी आहे. तिच्याभोवती हिरवट-पांढरी बुरशी जमली आहे आणि सुरू केल्यावर 'कीबोर्ड एरर' येते. कीबोर्ड बदलून पाहिला, फरक नाही. (वाचक, चिपळूण)

उत्तर : कीबोर्ड निर्दोष आहे. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी, तीन सेल एकावर एक. फुटल्यावर तिच्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं आणि ते तांबं खातं. बहुतेक बोर्डांवर ही बॅटरी कीबोर्डच्या सॉकेटशेजारी असते, म्हणून पहिला बळी कीबोर्डच्या ट्रॅकचा, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांचा, जातो. २८६ पासून ४८६ पर्यंत सगळ्यांची हीच कथा आहे, आणि कोकणच्या हवेत ती लवकर घडते.

बॅटरी आजच कापून काढा. बाकी दुरुस्ती पुढच्या महिन्यात केलीत तरी चालेल, पण ही नको. हातमोजे आणि चष्मा घाला, पाय कटरने कापा. मग स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर कानकाडीने फक्त बुरशीवर लावा. बारीक फेस येईल. पाच मिनिटांनी ब्रशने घासा, पुन्हा लावा, फेस थांबला की बस. व्हिनेगर बोर्डावर तसंच ठेवू नका, तेही तांब्याला लागतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा, वर आयसोप्रोपिल ओता आणि पंख्याखाली रात्रभर वाळवा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार मागे राहतात.

आता ट्रॅक. हिरवा लेप जिथे काळपट झालाय तिथे खाली तांबं कुजलेलं असतं. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरचा बोटाच्या नखाएवढा तुकडा घेऊन लेप खरवडा. खाली लालसर, चकचकीत तांबं दिसलं तर फ्लक्स (कथील नीट धरायला लावणारं द्रव्य) लावून कथलाचा पातळ थर द्या. काळी भुकटी निघाली तर तो ट्रॅक गेला. त्याच्या दोन्ही टोकांना ३० गेजची वायर-रॅपिंगची तार जोडा. कथलाचा गंजलेला जोड इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) लावूनही वितळत नसेल तर जोर करू नका. नवं कथील आणि फ्लक्स त्यावर घातलं की जुनं सुटतं.

कीबोर्डच्या पाच पिनांच्या गोल सॉकेटमध्ये १ क्लॉक, २ डेटा, ४ ग्राउंड आणि ५ वर अधिक ५ व्होल्ट. मशीन सुरू करून ५ आणि ४ च्या मध्ये मोजा. व्होल्ट नसतील तर सॉकेटजवळचा छोटा फ्यूज किंवा कॉइल पाहा. व्होल्ट असतील तर बंद करून १ आणि २ पासून कीबोर्ड कंट्रोलरपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे जोडणी सलग आहे का ते, तपासा. ती ४० पायांची मोठी चिप असते, बहुधा ८०४२ जातीची. तिचं सॉकेटही याच द्रवाने कुजतं. चिप काढून पाय पाहिल्याशिवाय 'चिप गेली' असा निष्कर्ष काढू नका.

नवी बॅटरी त्याच जागी तशीच बसवू नका, दहा वर्षांनी हेच पत्र पुन्हा लिहावं लागेल. बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचं कनेक्टर असतं : बहुतेक ठिकाणी १ अधिक, ४ ग्राउंड. ग्राउंड मल्टिमीटरने ताडून घ्या. शेजारचा जंपर 'एक्स्टर्नल'वर करा. तीन एए अल्कलाइन सेलचा होल्डर घ्या आणि अधिकच्या तारेत १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला, काळी पट्टी बोर्डाच्या बाजूला. साडेचारातून डायोडचा उतार गेला की चारच्या आसपास व्होल्ट उरतात, घड्याळाला तेवढे भरपूर. डायोड का? मूळ बॅटरी चार्ज होणारी होती, बोर्ड तिला वीज पाठवायचा. तीच वीज साध्या सेलमध्ये शिरली तर ते फुगतात. सीआर२०३२ नाण्याच्या सेललाही डायोड हवाच, पण तीन व्होल्टमधून उतार वजा केल्यावर काही बोर्डांचं घड्याळ मागे पडतं. होल्डर कॅबिनेटच्या तळाला, बोर्डापासून दूर चिकटवा. ते सेलही कधीतरी गळतीलच, तेव्हा पत्र्यावर गळू देत.

प्रश्न : ४८६ मध्ये बॅटरीच दिसत नाही, पण दर वेळी तारीख आणि हार्ड डिस्कची माहिती पुसलेली असते. एका चिपवर घड्याळाचं चित्र आणि 'डॅलस' लिहिलं आहे. (वाचक, नांदेड)

उत्तर : बॅटरी त्या काळ्या चिपच्या पोटात आहे. डीएस१२८७ किंवा डीएस१२८८७ मध्ये घड्याळ, क्रिस्टल आणि लिथियम सेल एकत्र ओतून बंद केलेले असतात. सेलचं आयुष्य सुमारे दहा वर्षांचं धरलेलं होतं, म्हणजे तुमचा कधीच संपला.

नवी डीएस१२८८७ मिळत असेल आणि चिप सॉकेटमध्ये असेल तर ती बदलणं सगळ्यांत सोपं. फक्त अंगावरचा तारीख-कोड बघा. जुन्या चिपा घासून नवी छपाई केलेला मालही बाजारात फिरतो, त्यातला सेलही संपलेलाच असतो.

मिळाली नाही तर जुनीलाच बाहेरून सेल जोडता येतो. चिप खाच वर येईल अशी धरा आणि उजवी बाजू खालून मोजा : तीन पाय, एक रिकामी जागा, तीन पाय, सलग तीन रिकाम्या जागा, दोन पाय. पहिली रिकामी जागा म्हणजे १६ नंबर, सेलचं उणे टोक. दुसऱ्या गटातली सगळ्यांत खालची जागा म्हणजे २० नंबर, अधिक टोक. हे दोन पाय खाली न येता आतच वर वळवलेले असतात. बारीक कानसीने त्या दोन जागी बाजूचं प्लास्टिक हळूहळू झिजवा. चमकती पट्टी दिसली की थांबा. मीटर लावा. तीन व्होल्टच्या बरंच खाली काहीतरी दाखवेल, तो जुन्या सेलचा शेष.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. दोन्ही पट्ट्या तारा जोडायच्या जागेच्या वर, म्हणजे सेलच्या बाजूला, कापून मोकळ्या करा. नाही कापल्या तर नवा सेल जुन्यात रिकामा होत राहतो. मग खालच्या भागाला दोन बारीक तारा जोडा आणि सीआर२०३२ चा होल्डर दुतर्फी टेपने चिपच्या पाठीवर बसवा. इस्त्री तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका, आत क्रिस्टल आहे. हे नंबर या दोन चिपांचे आहेत. तुमच्या चिपवर दुसरा नंबर असेल तर तिची डेटाशीट पाहिल्याशिवाय कानस लावू नका.

प्रश्न : पीसी-एक्सटी (आयबीएमचा जुना पीसी). बटण दाबलं की पंखा जरासा हलतो आणि थांबतो. सप्लाय बदलला तरी तेच. (वाचक, डोंबिवली)

उत्तर : बोर्डावर किंवा एखाद्या कार्डावर टँटलम कपॅसिटर शॉर्ट झाला आहे. सप्लाय शॉर्ट ओळखून स्वतःला बंद करतो, ते योग्यच आहे. टँटलम म्हणजे वाटाण्याएवढा, थेंबाच्या आकाराचा. वर्षानुवर्षं वीज न मिळालेला टँटलम पहिल्या झटक्यात जातो, विशेषतः १२ व्होल्टच्या वाटेवरचा, कारण तिथे १६ व्होल्टचा बसवलेला असतो आणि त्याला पुरेशी मोकळीक नसते.

प्लग काढा, सप्लायचे दोन्ही कनेक्टर उपसा आणि बोर्डावर त्यांपैकी पी८ कनेक्टरच्या पिनांवर ओहम मोजा. ३ नंबर अधिक १२, ४ नंबर उणे १२, ५ आणि ६ ग्राउंड. एक-दोन ओहम दाखवले तर शॉर्ट त्याच वाटेवर. आता कार्डं एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी मोजा. आकडा एकदम वर गेला की ते कार्ड गुन्हेगार. सगळी काढूनही खालीच राहिला तर बोर्डावरच्या त्या वाटेवरच्या टँटलमांचा एकेक पाय उचला. बहुधा १० मायक्रोफॅरडचा सापडेल. नवा २५ किंवा ३५ व्होल्टचा घ्या. टँटलमवरची पट्टी अधिक टोक दाखवते, ॲल्युमिनियम कपॅसिटरच्या बरोबर उलट. या एका गोष्टीमुळे नवेकोरे टँटलम डोळ्यांसमोर फुटतात.

कनेक्टर परत लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून.

प्रश्न : अमेरिकेहून आणलेला पेंटियम लावताच मोठा आवाज झाला. मागे लाल बटण ११५ वर होतं. सगळं गेलं का? (वाचक, ठाणे)

उत्तर : बहुधा फक्त सप्लाय गेला. ११५ वर सप्लायमधली जोडणी दाब दुप्पट करणारी असते. तिला २३० दिले की ३२५ ऐवजी साडेसहाशे व्होल्ट तयार होतात, आणि ते झेलायला २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर असतात. मदरबोर्डची बाजू ट्रान्सफॉर्मरने वेगळी केलेली असल्यामुळे तो बऱ्याचदा वाचतो.

फ्यूज, दोन कपॅसिटर, व्हॅरिस्टर, ब्रिज, शिवाय बहुतेक वेळा स्विचिंग ट्रान्झिस्टर, एवढं बदलण्यापेक्षा सप्लायच बदलावा असं आमचं मत. बोर्ड एटी या जुन्या जातीचा असेल तर एटीएक्स या नंतरच्या जातीचा सप्लाय आणि एटी अडॅप्टर केबल घ्या. हिरवी तार काळीला टेकली की एटीएक्स सुरू होतो, तिथे बटण जोडा. मात्र लेबलवर ५ व्होल्टचा आकडा वाचा. नव्या सप्लायची सगळी ताकद १२ व्होल्टवर असते, जुना बोर्ड मात्र ५ वर जगतो. २० अँपिअर किंवा वर हवेत. उणे ५ व्होल्ट नव्यांत नसतात, ते मुख्यतः काही जुन्या साउंड कार्डांना लागतात. आणि जुन्या एटीचं पुढचं बटण थेट मेन्सवर असतं : त्या चार जाड तारांना २३० व्होल्ट समजूनच हात लावा.

प्रश्न : दुरुस्त केलेल्या कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. कपॅसिटर चुकला का? (वाचक, बार्शी)

उत्तर : आधी घराचं अर्थिंग तपासा. मेन्सच्या दोन्ही तारांपासून पत्र्याला 'वाय' वर्गाचे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पत्रा निम्म्या दाबावर, साधारण ११५ व्होल्टवर, तरंगतो. करंट अगदी थोडा, पण बोटाला जाणवतो. वाय कपॅसिटर कापून टाकणं हा उपाय नाही आणि त्याच्या जागी एक्स२ तर कधीच लावू नये. तो शॉर्ट झाला तर पत्र्यावर थेट मेन्स येईल.

प्रश्न : २००२ चा बोर्ड. प्रोसेसरजवळचे सहा कपॅसिटर डोक्यावर फुगलेत. पुण्यात बुधवार पेठेत 'सेम टु सेम' मिळतील म्हणतात. २५ वॅटची इस्त्री पुरेल का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : इस्त्री पुरणार नाही, आणि 'सेम टु सेम' जरा तपासून घ्या. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या अनेक बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बसले. ते आतून वायू करतात, डोकं फुगतं, बुडातून तपकिरी द्रव येतो. प्रोसेसरभोवती ते प्रति सेकंद लाखो वेळा चार्ज-डिस्चार्ज होत असतात. त्यामुळे मायक्रोफॅरड आणि व्होल्ट जुळवणं पुरत नाही, ईएसआर कमी हवा. बुधवार पेठ असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, साधा १०५ अंशांचा कपॅसिटर सहज मिळतो आणि इथे तो काही महिन्यांत पुन्हा फुगतो. मालिकेचं नाव घेऊन मागा, उदाहरणार्थ पॅनासोनिक एफआर किंवा रुबिकॉन झेडएलएच. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर, व्यास मोजून. ८ मिलिमीटरच्या जागी १० चा घेतलात तर शेजारच्याला घासेल. पाय कापलेला किंवा वाकलेला माल काढीव असतो, तो घेऊ नका.

फुगलेले सहा असले तरी त्या गटातले सगळे बदला. न फुगलेलेही त्याच डब्यातले आहेत.

बोर्ड चार किंवा अधिक थरांचा असतो आणि ग्राउंडचा थर उष्णता पिऊन टाकतो. ६० वॅट, तापमान नियंत्रण असलेली, रुंद टोकाची इस्त्री ३८० अंशांवर. मागच्या बाजूने प्रत्येक पायावर आधी नवं ६०/४० कथील घाला. एक पाय तापवून कपॅसिटर किंचित झुकवा, मग दुसरा. तीन-चार खेपांत बाहेर येतो. ओढलात तर भोकातलं तांब्याचं अस्तर पायाबरोबर निघेल आणि मग आतल्या थराशी जोडणी कायमची तुटेल. भोक बुजलं असेल तर इस्त्री एका बाजूने टेकवून दुसरीकडून दात कोरायची लाकडी काडी घाला. कथील तिला चिकटत नाही.

बोर्डावरचं रंगवलेलं अर्धवर्तुळ बहुतेक ठिकाणी उणे बाजू दाखवतं, पण सगळीकडे नाही. काढण्याआधी फोटो घ्या आणि फोटोवर विश्वास ठेवा, छपाईवर नको.

प्रश्न : ऑनलाइन पूर्ण 'रीकॅप किट' मिळतं. सगळेच कपॅसिटर एकदम बदलून टाकावेत का? (वाचक, नागपूर)

उत्तर : आम्ही तसं करत नाही. डिस्क सिरॅमिक कपॅसिटर जवळजवळ कधीच थकत नाहीत, चांगल्या कंपनीचे कमी ताणावरचे इलेक्ट्रोलिटिकही चाळीस वर्षांनी शाबूत सापडतात. प्रत्येक डिसोल्डरिंगमध्ये एखादा पॅड उचलला जाण्याची शक्यता असते. साठ कपॅसिटर म्हणजे १२० पाय. पिवळे कागदी, मेन्सजवळचे इलेक्ट्रोलिटिक, १२ व्होल्टवरचे टँटलम आणि ठरावीक बदनाम काळातले कपॅसिटर : हे न मोजता बदला. बाकीचे ईएसआर मीटरने मोजून.

एक अपवाद आहे. छापखान्यांत डीटीपीसाठी आलेले १९९० च्या सुमाराचे मॅकिंटॉश क्लासिक किंवा एलसी कुणाकडे असतील तर त्यांच्या लॉजिक बोर्डावरचे चांदीच्या डबीसारखे छोटे कपॅसिटर सरसकट बदला, मुख्यतः ४७ मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे. ते सगळेच गळतात. आधी आवाज जातो, मग पडद्यावर चौकटी येतात. इस्त्री टेकवल्यावर माशासारखा वास आला तर द्रव बाहेर आलेला आहे. दोन्ही पायांना दोन इस्त्र्या एकाच वेळी लावून उचला, पिरगाळू नका. आतली ३.६ व्होल्टची बॅटरीही त्याच दिवशी काढा. पिक्चर ट्यूबच्या बाजूला मात्र अनुभवी टीव्ही मेकॅनिकशिवाय हात घालू नये, तिथे हजारो व्होल्ट असतात.

प्रश्न : सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह फिरतो, पण वाचत नाही. आतला पट्टा सैल आहे. रबरबँड लावला तर? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : रबरबँड फिरवेल, पण गती डळमळेल आणि वाचन फसेल. चपटा पट्टा हवा, कॅसेट डेकमध्ये असतो तसा. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्यांकडे अजून निघतो. मोटर आणि चाकाभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजा आणि त्याहून सुमारे पाच टक्के लहान पट्टा मागा. जुना वितळून चिकटला असेल तर आयसोप्रोपिलने चाकं पार कोरडी होईपर्यंत पुसा.

मग गती. ३६० केबीचा ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे घेतो, १.२ एमबीचा ३६०. टँडन टीएम१०० सारख्या पट्ट्यावरच्या ड्राइव्हच्या चाकाला खालून काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन वर्तुळं असतात, एक ५० हर्ट्झसाठी, एक ६० साठी. आपल्याकडे ५० चं पाहायचं. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूबलाइट लावा, एलईडीवर भरवसा नको. ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि गती बरोबर असली की रेघा फिरत्या चाकावर गोठल्यासारख्या स्थिर दिसतात. पुढे सरकत असतील तर गती जास्त, मागे जात असतील तर कमी. मोटरच्या बोर्डावरचा छोटा प्रीसेट बारीक स्क्रूड्रायव्हरने पाव फेराही नव्हे, जरासाच फिरवा आणि थांबून बघा.

हेड आयसोप्रोपिल लावलेल्या कानकाडीने, दाब न देता पुसा. वरचं हेड स्प्रिंगवर असतं, वाकलं की ड्राइव्ह गेला. सरकणाऱ्या दांडीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. आणि फ्लॉपी घालण्याआधी खिडकीतून तिचा पृष्ठभाग फिरवून बघा : किनारपट्टीवर ठेवलेल्या फ्लॉप्यांवर पांढरट बुरशीचे ठिपके असतात. अशी एक फ्लॉपी फिरली की हेडवर थर चढतो आणि पुढची प्रत्येक फ्लॉपी ओरखडली जाते. जुना डेटा काढायचा असेल तर दर फ्लॉपीनंतर हेड पुसा.

प्रश्न : ४८६ ची हार्ड डिस्क खडखडते. नवी कुठून आणू? (वाचक, पणजी)

उत्तर : जुनी शोधू नका, तीही त्याच वयाची मिळेल. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि आयडीई अडॅप्टर लावा. त्या काळच्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) १,०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांपलीकडे मोजता येत नाही, म्हणजे ५२८ दशलक्ष बाइट. ५१२ एमबीचं कार्ड त्यात बहुधा बसतं. मोठं कार्ड लावलं तरी तेवढंच दिसेल, बाकी जागा वाया. खडखडणाऱ्या डिस्कवर काही महत्त्वाचं असेल तर ती आता पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. कार्ड दुसऱ्या जागी जोडून तयार ठेवा आणि एकाच बैठकीत, हव्या त्या फाइली आधी, उतरवून घ्या.